घरच्या जेवणातलं तेल कमी करून वजन उतरवलेलं कोणी आहे का? (सोलापूर, आणि अर्थातच शेंगा, म्हणजे शेंगदाणे)

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. घरात आम्ही चौघं. मी, मिस्टर, सासूबाई आणि कॉलेजला जाणारी लेक. पोटाच्या सोनोग्राफीत मला ग्रेड एकचं फॅटी लिव्हर निघालं, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साचण्याची पहिली पायरी. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळी काही नको, वजन उतरवा, तेलकट आणि गोड कमी करा. एका आहारतज्ज्ञांनी छापील तक्ता दिला. सकाळी ओट्स, अकरा वाजता ब्रोकोलीचं सूप, रात्री किनोआ. आमच्या भाजीवाल्या मावशींकडे शेपू, चुका, अंबाडी, करडई, तांदुळजा असतो. त्यांना ब्रोकोली कुठून मागू? तो तक्ता ठेवून दिला आणि आमच्याच जेवणातून बेत बसवला.

सुरुवात तेलाच्या डब्यापासून केली. आमच्याकडे महिन्याला पाच लिटरचा डबा संपायचा. आता तो अडीच लिटरवर आणायचा प्रयत्न आहे. पळी बंद, चहाचा चमचा चालू. सकाळी ताकातल्या ज्वारीच्या कण्या किंवा वाफवलेली मोडाची मटकी. दुपारी दोन भाकऱ्या, पालेभाजी, घट्ट वरण, कांदा-काकडी. रात्री एक भाकरी आणि कमी तेलाचं पिठलं किंवा आमटी. दूध डबल टोन्ड. तळण फक्त सणाला. वजन सावकाश पण नक्की उतरतंय, आणि जिना चढताना दम लागायचा तो कमी झालाय.

माझं मत असं की आपलं जेवण बदलायची गरज नाही, तेलाचा हात बदलायला हवा. तरी तीन ठिकाणी अडतंय. पहिलं म्हणजे शेंगा. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, आणि ताटात चटणी. हे ठेवायचं की काढायचं? दुसरं, संध्याकाळी साडेपाचला जी भूक लागते तिचं काय करायचं? तिसरं, सासूबाई म्हणतात कमी तेलाची भाजी आजाऱ्याची वाटते. त्यांचं वय ७४, वजन मुळातच कमी. त्यांच्यासाठी वेगळं शिजवणं रोज जमत नाही. अनुभव असेल त्यांनी लिहा.

बाळीवेसकर

ताई, शेंगा चटणी सोडा म्हणणारा सोलापूरचा असूच शकत नाही. बाकी चर्चा चालू द्या, मी वाचतोय.

दोन_वेळा_जेवणारा

स्पष्ट मत लिहितो, राग नसावा. तेलामागे लागून उपयोग नाही. पोट सुटतं ते सारखं खाण्यानं आणि साखर-मैद्यानं. मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीनं जेवतो. दिवसातून दोनदा, ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही. तेल-तूप मोजत नाही, शेंगा भरपूर खातो. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेलाय. तुमच्या बेतात तीन वेळा जेवण आणि वर संध्याकाळचं खाणं, म्हणजे शरीराला उसंतच नाही.

जुळेसोलापूरकरीण

@दोन_वेळा_जेवणारा, राग कसला! तुम्हाला मानवलं हे चांगलंच. मला ॲसिडिटीचा त्रास आहे, उपाशी राहिले की डोकं उठतं. म्हणून तो रस्ता मी घेतला नाही.

आहारवही

मी आहारशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी असतात, एक ग्रॅम पिष्टात (कार्बोहायड्रेटमध्ये) किंवा प्रथिनात ४. म्हणून तेल कमी केलं की ताटातलं अन्न तेवढंच दिसतं आणि कॅलरी मात्र उतरतात. ताईंच्या डब्याचाच हिशोब करू. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल. चार माणसं, तीस दिवस. माणशी रोज ३८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलातून. डबा निम्म्यावर आला तर माणशी १७० कॅलरी रोजच्या वाचल्या, आणि एक घासही कमी खाल्ला नाही. कोणीतरी भाकरी निम्मी करून एवढं वाचवायला गेलं तर भुकेनं हैराण होईल.

मात्र @दोन_वेळा_जेवणारा यांचं म्हणणं पूर्ण खोडता येत नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये ६०९ लोकांवर एक चाचणी झाली, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी पिष्टाचा. वर्षभरानं पहिल्या गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. शास्त्राच्या दृष्टीनं हा फरक फरकच नाही. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करून भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं. तेव्हा ज्याला जी पद्धत वर्षभर निभावता येईल ती त्याची. ताईंना भाकरी सोडवत नसेल तर तेल कमी करणं हाच त्यांचा मार्ग.

फॅटी लिव्हरबद्दल एक दिलासा देते. वजनाच्या ५ टक्के उतरलं तरी लिव्हरमधली चरबी घटायला लागते. ७ ते १० टक्के उतरलं तर सूज असेल तीही कमी होण्याची शक्यता बरीच वाढते. ८० किलोच्या माणसाला ४ किलोपासून फायदा सुरू होतो. वीस किलोचं ओझं मनावर घेऊन बसू नका.

पार्कचौक

आहारवही मॅडम, शेंगांचं बोला की ओ! सगळे त्यासाठीच थांबलेत.

आहारवही

😄 बोलते. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५६७ कॅलरी, ४९ ग्रॅम चरबी, २५ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे निम्मा दाणा तेलच. पण ते तेल चांगल्या जातीचं आहे आणि सोबत प्रथिनं, चोथा येतो, पोट धरतं. पोह्याच्या चमच्यानं एक चमचा चटणी साधारण १० ग्रॅम धरा, म्हणजे ५५-६० कॅलरी. ती ताटात राहू दे. अडचण होते ती चटणीवर कच्चं तेल ओतून कालवण्यानं आणि दिवसभर जिकडेतिकडे पडणाऱ्या कुटानं. कूट किंवा चटणी, दोन्हींपैकी एका जेवणात एकच ठेवा. दाणे उकडून खाल्ले तर आणखी बरं. उकडताना ते पाणी पितात, त्यामुळे तेवढ्याच मुठीत कॅलरी कमी येतात.

उखळवाली

कच्चं तेल ओतावं लागतं ते मिक्सरमधल्या चटणीवर! उखळातल्या चटणीला वरून थेंब लागत नाही.

आमच्याकडे अजून उखळातच होते. दाणे मंद आचेवर, साल डागाळेपर्यंत भाजायचे, गार करून साल पाखडायचं. आधी लसूण, जिरं, मीठ आणि तिखट कुटून घ्यायचं, मग दाणे. पहिल्यांदा भरड होते, कोरडी, मुसळाला चिकटत नाही. कुटत राहिलं की एका टप्प्यावर आवाज बदलतो, ठकठक जाऊन मऊ थप्प येतो, आणि कडेला लालसर तेल सुटायला लागतं. तिथं थांबायचं. ही चटणी बोटानं दाबली तर वडी राहते. हिचा एवढासा तुकडा कडक भाकरीबरोबर पुरतो, कारण चव दाट असते. मिक्सरची भुकटी चार चमचे घेतली तरी समाधान होत नाही, मग माणूस तेल मागतो.

पुण्यातला_सोलापुरी

हे वाचून डोळ्यात पाणी आलं. इथं पिशवीवर 'सोलापुरी' छापून जे विकतात त्यात दाण्याची पूड आणि तिखट एवढंच असतं. @उखळवाली, पार्सल पाठवता का?

उखळवाली

पत्ता द्या. तेल कमी करताय ना पण, विचारून घेते 😀

दोन_वेळा_जेवणारा

मिक्सर थांबवत थांबवत फिरवला तर तेल सुटतंच. उखळाचं उगाच कौतुक.

बाळीवेसकर

दादा, तेल-पिष्टाचं ऐकून घेतलं. हे मात्र ऐकून घेणार नाही बे.

विडी_घरकुल

विषय शेंगांवरून परत आणतो. आमच्या पूर्व भागात मागची पिढी मागावर बसायची. माझे वडील यंत्रमागावर बारा-बारा तास उभे असत, आई घरी विड्या वळायची, पाणी लांबून भरायचं. जेवणात ज्वारीची भाकरी, चिंचेचं वरण, तिखट. तेल होतंच, पण ते बाटलीनं यायचं, पाच लिटरच्या डब्यानं नाही. आता मी त्याच घरात राहून टॉवेलच्या कारखान्यात संगणकापुढं बसतो, आणि जेवण वडिलांपेक्षा जड. माझ्या मते तेलाइतकाच बसण्याचा प्रश्न आहे. ताईंच्या बेतात चालण्याचा उल्लेख दिसला नाही.

जुळेसोलापूरकरीण

@विडी_घरकुल, खरंय, लिहायचं राहिलं. पहाटे कंबर तलावाकडे जाते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की सूर्य उगवायच्या आत परत यावं लागतं. संध्याकाळी सातपर्यंत रस्ता वाफ सोडत असतो, तेव्हा चालवत नाही.

सिद्धेश्वर_तलाव_फेरी

तलावाच्या कडेनं सकाळी आमचा गट असतो. चालणं तासभर. त्यानंतर मात्र चहा आणि भजी ठरलेली, आणि ती तळणीतून थेट कागदावर. वर्षानुवर्षं चालतोय, वजन जिथल्या तिथं. ताईंचा धागा गटात वाचून दाखवला. आता भज्यांऐवजी उकडलेली अंडी आणणार असं एकानं जाहीर केलंय. बघू.

काकू_रांधतात

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच घातला नाही, म्हणून लिहिते. घरात तीन पिढ्यांचं एकाच कढईत शिजवते.

तेल कमी झालं की भाजी आजाऱ्याची लागते, कारण आपण तेल कमी करतो आणि भाजणंही कमी करतो. चव भाजण्यात आहे. दोन चमचे तेल चांगलं तापवा, मोहरी तडतडली की जिरं, भरपूर ठेचलेला लसूण. त्यावर कांदा, चिमूट मीठ, आणि झाकण. कांदा स्वतःच्या पाण्यात मऊ पडतो. झाकण काढून परता. खाली धरायला लागला की चमचाभर पाणी शिंपडा, खरवडा, पुन्हा परता. असं तीन-चारदा केलं की तेलात तळल्यासारखा तांबूस रंग येतो. आमटीच्या वाटणाला कांदा थेट गॅसवर काळा भाजा, सुकं खोबरं निम्मं करा आणि बाकीच्या निम्म्याच्या जागी भाजलेलं डाळं वाटा. दाटपणा तोच येतो.

आता सासूबाईंसाठी. आमटी उकळली की अगदी शेवटी, छोट्या कढल्यात एकच चमचा तेल, गॅस बंद करून त्यात ब्याडगीचं तिखट फुलवा आणि वरून ओता. लाल तवंग येतो, घमघमाट येतो. तेल सुरुवातीला घातलं तर भाजीत जिरून जातं, कोणाला दिसतही नाही. शेवटी घातलेला चमचा जिभेला आधी लागतो. आमच्या सासऱ्यांना वर्षभर कळलं नव्हतं.

सासूबाई बारीक आहेत तर त्यांच्या ताटात भाकरीवर तुपाचा गोळा वाढा. त्यांचं तेल-तूप तोडू नका. या वयात वजन कमी होणं चांगलं नाही.

आहारवही

काकूंच्या शेवटच्या ओळीला माझा दुजोरा. वयस्कर बारीक माणूस, वाढतं मूल, गरोदर बाई, यांना घरातल्या जाड माणसाच्या बेतात ओढू नये.

नवीपेठ

माझ्या चुलत बहिणीचं सांगते, सगळ्यांनी वाचावं म्हणून. एका जिममधल्या माणसाच्या सांगण्यावरून तिनं तेल पूर्ण बंद केलं. फोडणी नाही, दाणे नाहीत, दूधसुद्धा साय काढून काढून पाण्यासारखं. उकडलेल्या भाज्या आणि थोडा भात. वजन झरझर उतरलं, सगळ्यांनी कौतुक केलं. मग केसांचे पुंजके यायला लागले, पाळी लांबली, आणि एका रात्री उजव्या बरगडीखाली असं दुखलं की दवाखान्यात न्यावं लागलं. पित्ताशयात खडे. शेवटी ऑपरेशन झालं. लग्नाच्या हॉलची तारीख ठरलेली असताना हे सगळं. अजून आठवलं तरी संताप येतो, की पैसे घेऊन असले सल्ले देणाऱ्याला कोणी विचारत नाही.

आहारवही

@नवीपेठ, लिहिलंत हे फार बरं झालं. चरबी पोटात गेली की पित्ताशय आकसतं आणि पित्त बाहेर ढकलतं. चरबी जवळजवळ शून्य केली तर पित्त आत साचून राहतं, आणि वजन झपाट्यानं उतरताना पित्तात कोलेस्टेरॉलही वाढतं. दोन्ही मिळून खडे धरतात. शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं चरबीबरोबरच अंगी लागतात. काही स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) शरीराला बनवताच येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. 'कमी तेल' आणि 'तेल बंद' यांत एवढा फरक आहे. दिवसाला माणशी तीन-चार चहाचे चमचे तेल स्वयंपाकात, थोडे दाणे किंवा तीळ, एवढं राहू द्या. आठवड्याला अर्धा किलो ते एक किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर वेग कमी करा.

आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांना न विचारता बदलू नयेत, साखर एकदम खाली जाऊ शकते. @दोन_वेळा_जेवणारा, हे तुमच्या पद्धतीला नावं ठेवणं नव्हे.

दोन_वेळा_जेवणारा

मान्य. मला मधुमेह नाही. ज्यांना आहे त्यांनी विचारूनच करावं.

किराणावाला_मंगळवार_पेठ

दुकानदाराच्या बाजूनं दोन गोष्टी. 'लो फॅट' छापलेली बिस्किटं आणि फळांच्या चवीचं दही लोक डोळे झाकून नेतात. पाकीट उलटं करून वाचा. चरबी काढली की चव जाते, म्हणून साखर घालतात. ताईंच्या फॅटी लिव्हरला साखर काही कमी वाईट नाही. दुसरं दुधाचं. टोन्डमध्ये ३ टक्के फॅट, डबल टोन्डमध्ये १.५, फुल क्रीममध्ये ६. सुट्टं म्हशीचं घेत असाल तर सहाच्या वरच. दिवसाला अर्धा लिटर पिणाऱ्या घरात एवढ्या एका बदलानं फरक पडतो, आणि चहात कोणाला कळतही नाही.

हुरडा_आला_का

सगळं ठीक. हुरड्याला काय करायचं? शेतावर बोलावणं आलं तर वही घेऊन बसायचं?

विडी_घरकुल

हुरडा म्हणजे कोवळी ज्वारीच, त्यात तेल नावाला. आगटीतून काढून हातावर चोळून खाल्ला तर काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढच्या भरताच्या तवंगानं, भज्यांनी आणि गुळाच्या ढेपेनं. आणि मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, ती सोडून किनोआ खाणं मला तरी पटत नाही.

हुरडा_आला_का

आणि वेळा अमावस्या, शेतातला सण? भज्जी, अंबील, उंडे?

काकू_रांधतात

वेळा अमावस्येची भज्जी म्हणजे डाळी, शेंगभाज्या आणि पाला एकत्र शिजवलेला, अंबील म्हणजे ताक आणि ज्वारी, उंडे म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे. आपल्या आज्यांनी सणाचं जेवणच तेलाशिवाय बसवलंय. पोटभर खा.

कन्नाचौक

संध्याकाळच्या भुकेचं राहिलंच. मी दुकानातून सात-साडेसातशिवाय निघत नाही. पूर्वी पाचला समोरच्या गाड्यावरून वडापाव यायचा. आता घरून डब्यात सुशीला नेतो. चुरमुरे पाण्यात भिजवून पिळायचे, एक चमचा तेलात मोहरी, मिरची, कांदा, वरून डाळ्याची पूड, लिंबू, कोथिंबीर. दाणे मोजून दहा-बारा. पोट भरतं, हात तेलकट होत नाहीत, गिऱ्हाईकाला कापड दाखवता येतं. कधी नुसते फुटाणे आणि ताक.

उखळवाली

हुलग्याचं (कुळथाचं) माडगं करून बघा. हुलगे भाजून दळून ठेवायचे. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडायचं, ढवळत राहायचं, लसूण-जिरं ठेचून घालायचं, मीठ. गूळ घालायचा नाही. हुलग्यात चरबी नगण्य आणि प्रथिनं शंभरात वीसच्या वर. एक वाटी प्यायली की आठपर्यंत भुकेची आठवण होत नाही.

जुळेसोलापूरकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काकूंची शेवटच्या चमच्याची युक्ती मटकीच्या आमटीवर करून पाहिली. सासूबाईंनी वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, आज जरा जेवणासारखं जेवण झालं. त्यांच्या भाकरीवर तूप सुरू केलंय. लेक म्हणते मलाही हवं, तिला अर्धा चमचा.

शेंगांचं असं ठरवलंय: दुपारच्या जेवणात एक चमचा चटणी, भाजीत कूट नाही. कोशिंबिरीला कुटाऐवजी दही-मोहरीची फोडणी. दाण्याचा डबा वरच्या फळीवर गेला, कारण येताजाता मूठ घ्यायची सवय मलाच आहे. संध्याकाळी माडगं आणि सुशीला आलटून पालटून. नवीपेठ ताईंनी लिहिलेलं मिस्टरांना वाचून दाखवलं. ते तेल एकदम बंद करू म्हणत होते, ते आता गप्प आहेत.

एकच उरलं. रविवारी मटण होतं, आणि मिस्टरांना रस्सा लागतो. त्याचं कोणी काही करतं का?

काकू_रांधतात

रस्सा शनिवारी रात्री करा, गार झाला की फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर घट्ट बसलेला असतो, तो चमच्यानं उचलून टाका. खालचा रस्सा गरम करून वर तिखटाचा तो एक चमचा. मुरल्यामुळं चवीला शनिवारपेक्षा रविवारीच चांगला लागतो. मटण घेताना मांडीचं मागा, चरबीचे तुकडे दुकानातच काढून घ्या. आणि सोबत कडक भाकरी चुरा, भात कमी लागतो.